तलंगांचे खाद्य: प्रत्येक पिशवीला तिचे काम विचारा

अंड्यावर आलेली कोंबडी रोजचा हिशेब रोज देते. तलंगांचे तसे नसते. पहिले सोळा-सतरा आठवडे नुसता खर्च असतो आणि खाद्यात घातलेले पूरक लागू पडले की नाही, हे सांगणारा आकडा अनेक शेडवर लिहिलाच जात नाही. म्हणून याच वयात पूरकांची गर्दी होते. प्रोबायोटिक, आम्लमिश्रण, एन्झाइम, टॉक्सिन बाइंडर, लिव्हर टॉनिक, आणि वर वाढीसाठी म्हणून थोडे प्रतिजैविक.

हे शेवटचे आधी थांबवा. वाढीसाठी प्रतिजैविके देणे स्वीडनने १९८६ मध्ये बंद केले, युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. माणसांच्या उपचारात अखेरचा आधार असलेले कोलिस्टिन आपल्या केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्ये पोल्ट्रीसाठी बंद केले. तरीही ‘थोडेसे चालते’ हे वाक्य ऐकू येते, आणि ते आम्हाला मान्य नाही.

आतड्याचा खरा प्रश्न पहिल्या आठवड्यातच उभा राहतो. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटत नाही, त्यामुळे तिच्याकडून मिळणारे उपयुक्त जिवाणूही मिळत नाहीत. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्ये दाखवले की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जिवाणू नवजात पिल्लांना दिले तर साल्मोनेला सहज ठाण मांडू शकत नाही. प्रोबायोटिकचा पाया तोच. म्हणून ते पहिल्या काही दिवसांत आणि प्रतिजैविकाचा कोर्स संपल्यावर द्यावे. पण क्लोरीन घातलेल्या पाण्यातून दिले तर जिवाणू टाकीतच मरतात. पेलेटच्या उष्णतेत लॅक्टोबॅसिलस सहसा तगत नाहीत, बॅसिलसचे बीजाणू तगतात. पाकिटावर जिवाणूचे नावच नसेल तर ते घेऊ नये.

ब्युटिरिक आम्ल आतड्याच्या अस्तरातील पेशींचे इंधन आहे, मात्र लेप नसलेले आम्ल वरच्या भागातच शोषले जाते. खालच्या आतड्यापर्यंत पोचवायचे तर लेप असलेलेच हवे. प्रोपिऑनिक आम्लाचे मुख्य काम वेगळे, खाद्यातली बुरशी रोखण्याचे.

फायटेज या एन्झाइमबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. मका आणि सोयापेंडीतला बहुतांश फॉस्फरस फायटेटमध्ये अडकलेला असतो. फायटेज तो मोकळा करते. मग सूत्रातले फॉस्फरससाठीचे डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) त्या प्रमाणात कमी करायला नको का? ते तसेच ठेवून वर फायटेज घालणे म्हणजे एकाच वस्तूचे दोनदा पैसे मोजणे. सूत्र बदलायला पोषणतज्ज्ञ लागतो, आणि त्याची फी दरमहा वाया जाणाऱ्या पूरकापेक्षा स्वस्त पडते.

बाइंडरच्या भरवशावर पावसाळ्यानंतरचा ओला मका घेतला जातो. चौदा टक्क्यांहून जास्त ओलाव्याचा मका साठवला की बुरशी येणारच. बाइंडरमधल्या बेंटोनाइटसारख्या माती बुरशीच्या विषांपैकी अफ्लाटॉक्सिन चांगले धरतात. टी-२ विषापुढे त्यांचे फारसे चालत नाही.

एक धोका मात्र जिवावर बेततो. तुसावर वाढणाऱ्या तलंगांच्या खाद्यात रक्ती हगवणीसाठी सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन असेल, आणि त्याच वेळी श्वसनाच्या तक्रारीसाठी टियाम्युलिन दिले, तर दोन्ही मिळून विषबाधा होते: पाय लुळे पडतात, मर लागते. फीड मिलने काय घातले आहे हे विचारल्याशिवाय औषध सुरू करू नका. विटा असो वा नवापूर, मोठ्या शेडपासून छोट्यापर्यंत हे सगळ्यांनाच लागू आहे.

पूरकाचे यश वजनकाट्यावरच ठरते. दर आठवड्याला, ठरलेल्या दिवशी, खाद्य टाकण्याआधी वजन करा. सरासरीच्या दहा टक्के वर-खाली या पट्ट्यात किमान ८० टक्के पक्षी हवेत. हाडांचा सांगाडा बाराव्या आठवड्यापर्यंत जवळजवळ पूर्ण होतो. मागे राहिलेल्या तलंगेवर नंतर चरबी चढते, सांगाडा वाढत नाही.

नवे पूरक आणाल तेव्हा एकाच बॅचच्या पिंजऱ्यांची एक रांग त्याशिवाय ठेवा. रांग त्याच शेडमधली, त्याच मजल्याची असावी, कारण वरच्या मजल्यावर उष्णता जास्त असते. दोन्ही रांगांच्या आठ आठवड्यांच्या वजनाच्या नोंदी आमच्याकडे पाठवा. फरक पडला नाही अशा नोंदीही आम्ही तितक्याच ठळकपणे छापू.