प्रेक्षकाची साक्ष आणि समीक्षकाचा फैसला

संपादक महाशय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सामान्य प्रेक्षकांचे चित्रपट व मालिकांविषयीचे चार-दोन ओळींचे अभिप्राय छापण्याचा जो प्रघात आहे तो तत्काळ बंद करावा, कारण असे अभिप्राय अभ्यासशून्य, उथळ आणि बहुधा भाकऱ्या थापता थापता बनलेले असतात, अशी मागणी करणारे एका विद्वान वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात प्रसिद्ध झाले. त्यांच्या व्यासंगाविषयी पूर्ण आदर बाळगून या मागणीस मी हरकत नोंदवितो. आणि ती अशासाठी की, समीक्षकाने द्यावयाचा फैसला आणि प्रेक्षकाने द्यावयाची साक्ष यांची त्यांनी गल्लत केली आहे. साक्षीदारास कायदा ठाऊक नाही म्हणून त्याला कोणी कचेरीबाहेर घालवीत नाही. त्याने काय पाहिले एवढेच त्यास विचारतात.

कोल्हापूरकरांना हे नव्याने सांगावयास नको. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला, तेव्हा त्यातील कीचकवध इतका हुबेहूब उतरला होता की पाहणारांची भीतीने गाळण उडाली आणि अखेर त्या प्रसंगास कात्री लागली. ती घाबरगुंडी हा त्या कलाकृतीविषयीचा पहिला आणि सर्वांत प्रामाणिक अभिप्राय होय, असे मी समजतो. पुढे पाच वर्षांनी त्याच पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम, आणि विषय कर्जाने नागवल्या जाणाऱ्या कुणब्याचा! जाणकारांनी त्याची वाहवा केली, परंतु देवादिकांच्या चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकाने त्याकडे पाठ फिरविली. माझे विद्वान प्रतिपक्षी हा दाखला माझ्यावरच उलटवतील हे मी जाणून आहे. तथापि ज्या माणसाने सावकाराच्या ओसरीवरची दुपार नुकतीच सोसली, त्याने संध्याकाळी पैसे मोजून तोच सावकार पाहण्यास नकार दिला, तर त्याने खोटी साक्ष दिली असे कसे म्हणावे? त्याच्या आयुष्याविषयी ती खरीच होती. चित्रपटाची किंमत ठरविण्याचे काम तिचे नव्हते. पेंटरांनी ती ऐकून घेतली, पण निकाल म्हणून शिरसावंद्य मानली नाही. १९३६ साली तीच कथा त्यांनी बोलपटात पुन्हा मांडली.

आता भाकऱ्यांच्या आक्षेपाकडे वळतो. दूरदर्शन संचावरील मालिका ही मुळी भाकऱ्या थापताना पाहण्यासाठीच घडविलेली असते. आमच्या शेजारच्या एक वृद्ध बाई संचाकडे पाठ करून चुलीशी बसतात आणि संपूर्ण भाग केवळ कानांनी ग्रहण करतात. त्यांचा अभिप्राय असा की, सासूने एकदा सांगितलेले कारस्थान ती नणंदेला सांगते, नणंद ते जावेला सांगते, आणि मधल्या ढोलताशांच्या गदारोळात कोणाच्या हातून एक भांडेसुद्धा पडत नाही. संहितेच्या शैथिल्यावर याहून नेमके विधान मी तरी मुद्रित समीक्षेत वाचलेले नाही. आणि पडद्यावरच्या शालूंकडे ज्याची दृष्टी लागली आहे त्याच्या ते ध्यानात येणेही दुर्घटच.

तीच गोष्ट स्थानिक ज्ञानाची. ‘तुझ्यात जीव रंगला’ ही मालिका २०१६ साली सुरू झाली, तिचे चित्रीकरण आपल्या वसगड्यात झाले, आणि ‘चालतंय की’ हे पालुपद महाराष्ट्रभर घरोघरी पोहोचले. परगावच्या समीक्षकास पडद्यावरची कोणतीही रांगडी बोली ‘कोल्हापुरी’ म्हणून खपते. पण येथील बाई स्वतःविषयी बोलताना ‘मी आलो, मी जेवलो’ म्हणते हे येथल्या प्रेक्षकास सांगावे लागत नाही, आणि नायिकेच्या तोंडी पुस्तकी ‘आले, जेवले’ पडताच त्याचा कान टवकारतो. तालमीत घुमलेला माणूस कुस्तीचा प्रसंग पाहील तेव्हा नायकाच्या दंडापेक्षा त्याचे पाय कुठे पडले ते आधी पाहील. त्याला दिग्दर्शनाचा ओ की ठो कळत नसेल. परंतु पट कसा काढतात याबाबतीत त्याचीच साक्ष ग्राह्य धरली पाहिजे.

अर्थात साक्षीलाही काही शिस्त असावी, आणि येथे मात्र मी त्या विद्वान गृहस्थांच्या बाजूस थोडा सरकतो. शुक्रवारचा पहिला खेळ सुटण्यापूर्वीच ‘अप्रतिम, चुकवू नये’ असे लिहून पाठविणारे जे उत्साही लोक असतात, ते प्रेक्षक नसून निर्मात्याचे कारकून असण्याचाच संभव अधिक. पाचपैकी साडेतीन तारे देण्याची रीतही मला नामंजूर आहे. अर्धा तारा कोणत्या पापाबद्दल कापला याचा खुलासा कोणी करीत नाही. तेव्हा अभिप्राय देणाऱ्याने चित्रपट कोणत्या खेळास पाहिला, पूर्ण पाहिला की मध्यंतरात उठून आला, मालिकेचा कोणत्या तारखेचा भाग पाहिला अथवा नुसता ऐकला, एवढे नमूद करावे. अर्धवट पाहिल्याची कबुली हा मी दोष मानत नाही. माणूस कोणत्या प्रसंगाला उठला हे कळले तर दिग्दर्शकाचाही फायदाच आहे. तसेच एकाच चित्रपटावर दोन परस्परविरुद्ध मते आली तर आपल्या उपसंपादकांनी त्यांची सरासरी काढू नये, दोन्ही जशीच्या तशी लगोलग छापावीत.

जागेच्या टंचाईची सबब आपण पुढे कराल, म्हणून सुचवितो की त्याच पानावर नटनट्यांच्या वाढदिवसांची जी छायाचित्रे येतात, त्यांतील एक दर रविवारी कमी करावे.

आपला,
एक जुना वर्गणीदार
मंगळवार पेठ, कोल्हापूर