बघून केलं की चोरलं?

मुलांनो, आज मी तुम्हाला माझी एक चूक सांगणार आहे. हो, बाईसुद्धा चुकतात बरं का! दोघा मुलांची नावं मात्र सांगणार नाही, कारण ती दोघंही हे पान वाचतात.

झालं असं, की आमच्या शाळेत शनिवारी विज्ञान प्रदर्शन होतं. चौथीतली एक मुलगी सोमवारीच आपला प्रयोग दाखवायला घेऊन आली. पाण्याच्या रिकाम्या बाटलीचा व्हॅक्यूम क्लीनर! आत खेळण्यातली मोटर, तिला पत्र्याचा छोटा पंखा, बाहेर बॅटरी, पुढे नळी. बटण दाबलं की खोडरबराचा चुरा सुर्रकन आत! बाटलीवर निळा कागद, त्यावर चंदेरी चांदण्या, आणि नाव काय, तर ‘धूळखाऊ’. सगळा वर्ग तिच्याभोवती गोळा झाला.

शनिवारी सकाळी बघते तर तिच्याच शेजारी बसणारा मुलगा तश्शीच बाटली घेऊन हजर. तोच निळा कागद, त्याच चांदण्या, नाव ‘धूळखाऊ नंबर एक’. मुलगी रडायलाच लागली. “बाई, यानं माझं चोरलं!” मी काही विचारलं नाही, ऐकलं नाही. त्याला म्हटलं, “टेबलावरून उचल ते.” तो गप्प उभा राहिला, मग बाटली उचलून निघून गेला.

संध्याकाळी आवराआवर करताना ती बाटली बाकाखाली सापडली. सहज बटण दाबलं. मुलीच्या बाटलीत चुरा पंख्यात अडकायचा आणि दिवसभरात चार वेळा ती उघडावी लागली होती. याने मात्र पंख्याच्या अलीकडे मलमलचा तुकडा ताणून बसवला होता. हवा पार जायची, चुरा अलीकडेच राहायचा. हे तर मुलीला सुचलं नव्हतं! मग याने चोरलं, की सुधारलं?

त्या रात्री मी खऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची गोष्ट काढून बसले. आणि गंमत पाहा, ती सगळी गोष्टच एकमेकांचं बघून करण्याची निघाली!

लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. धूळ उडायची आणि परत तिथेच बसायची. बूथला वाटलं, फुंकण्याऐवजी ओढून घेतली तर? त्याने खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावलं आणि जोरात हवा ओढली. ठसका लागला खरा, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला! १९०१ साली त्याने यंत्र केलं. ते एवढं मोठं, की घोडागाडीवर ठेवून रस्त्यात उभं करायचे आणि लांब नळ्या खिडकीतून घरात सोडायचे.

तिकडे अमेरिकेत जेम्स स्पँगलर एका मोठ्या दुकानात झाडलोट करायचा. धुळीने त्याचा दमा वाढायचा. त्याने पंख्याची मोटर, साबणाचं खोकं, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून हातात धरता येईल असं यंत्र केलं. १९०८ साली त्याला पेटंट मिळालं. पेटंट म्हणजे सरकारी कुलूप. ही युक्ती याची, ठरावीक वर्षं दुसऱ्याने न विचारता वापरायची नाही. पण विकायला पैसा कुठला? मग घोड्यांचे पट्टे आणि चामडी सामान बनवणाऱ्या हूवर यांनी त्याच्याकडून ते हक्क रीतसर विकत घेतले. आणि इंग्लंडात हूवर हे नाव इतकं रुळलं, की तिथे व्हॅक्यूम क्लीनर फिरवण्यालाच ‘हूवर करणं’ म्हणू लागले.

नुसतं यंत्र करून भागत नाही हं. ते विकावंही लागतं! हूवरने जाहिरात दिली, दहा दिवस फुकट वापरून बघा. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने आपली माणसं दारोदार पाठवली. तीच रीत आपल्याकडेही आली. इलेक्ट्रोलक्स आणि आपल्याकडचा फोर्ब्स उद्योगसमूह यांनी मिळून १९८२ साली युरेका फोर्ब्स सुरू केली. पाठीवर यंत्र आणि गळ्यात टाय अशी या कंपनीची माणसं गावोगावी दारं ठोठावू लागली.

मी लहान असताना आमच्याही नाशकातल्या घरी असेच एक काका आले होते. आईने सकाळीच झटकलेल्या गादीवर त्यांनी यंत्र फिरवलं आणि आतून निघालेली धूळ पांढऱ्या फडक्यावर ओतून दाखवली. आईचा चेहरा एवढासा झाला! यंत्र काही तिने घेतलं नाही, पण पुढे महिनाभर आमच्या गाद्या रोज उन्हात पडायच्या. बघा हं, त्या काकांनी यंत्र दाखवलंच नाही. त्यांनी आमच्याच घरातली धूळ दाखवली!

विकण्याच्या युक्त्यांचीही नक्कल होते. एकाने खोक्यावर ‘१४०० वॅट’ असं मोठ्ठं छापलं की दुसरा छापतो ‘१८००’. पण वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं, त्याचा आकडा. धूळ किती ओढतं, त्याचा नव्हे! जास्त जेवणारा पोरगा जास्त काम करतोच असं थोडंच आहे? म्हणून युरोपीय संघाने २०१४ साली १६०० वॅटच्या वरची आणि २०१७ साली ९०० वॅटच्या वरची नवी यंत्रं बाजारात आणायला बंदी केली.

आता खरी लढाई ऐका. इंग्लंडातल्या जेम्स डायसनच्या लक्षात आलं, की यंत्रातल्या पिशवीची भोकं धुळीने बुजतात आणि ओढ कमी होते. १९७८च्या सुमारास त्याने लाकडाच्या वखारीवर एक उलटं शंकूसारखं धुराडं पाहिलं. त्यात हवा गरगर फिरते, भुसा कडेला फेकला जातो आणि खाली पडतो, चांगली हवा मधून वर निघून जाते. जत्रेतल्या चक्रात बसल्यावर आपण बाहेरच्या बाजूला ढकलले जातो ना, तसंच. हेच छोटं करून घरच्या यंत्रात बसवलं तर पिशवीच नको! पाच वर्षांत त्याने ५,१२७ नमुने केले. म्हणजे ५,१२६ वेळा ‘अजून नाही जमलं’! मोठ्या कंपन्यांनी त्याला परत पाठवलं. दर वर्षी पिशव्या विकून त्यांना पैसा मिळत होता, मग बिनपिशवीचं यंत्र कोण घेणार? शेवटी १९९३ साली त्याने स्वतःचंच यंत्र बाजारात आणलं, तेही पारदर्शक भांड्याचं. लोक म्हणाले, “घाण कोण बघत बसणार?” पण लोकांना आपली धूळ बघायला आवडली! पुढे इतर कंपन्यांच्या यंत्रांनाही तशी भांडी दिसू लागली.

१९९९ साली युरोपातल्या हूवर कंपनीनेही गरगर फिरणाऱ्या हवेचं यंत्र आणलं. कंपनीचे मालक तोवर बदलले होते, पण नाव तेच. डायसन कोर्टात गेला. २००० साली लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला, की हूवरने पेटंट मोडलं. २००२ साली हूवरने ४० लाख पौंड भरपाई द्यायचं मान्य केलं. एका झाडलोट करणाऱ्याचं पेटंट रीतसर विकत घेऊन मोठं झालेलं ते नाव, पाहा कुठे येऊन अडकलं!

मग मला प्रश्न पडला. वखारीचं बघून डायसनने केलं ते चालतं आणि डायसनचं बघून हूवरने केलं ते का नाही? वखारीतली युक्ती जुनी आणि सगळ्यांची होती. ती घरच्या यंत्रात बसवण्यासाठी डायसनने पाच वर्षं घाम गाळला. त्या घामाला कुलूप होतं. आपल्या देशात पेटंटचं कुलूप २० वर्षांचं असतं. मुदत संपली, की ती युक्ती सगळ्यांची! म्हणून आज बिनपिशवीची यंत्रं अनेक कंपन्या करतात, आणि त्यात काही चोरी नाही.

नाव आणि रूप यांची गोष्ट मात्र वेगळी. आपल्या विलेपार्ल्याच्या पार्ले कंपनीचंच बघा. त्यांच्या ग्लुको बिस्किटाच्या वेष्टनावर शेताच्या अंगणात उभी मुलगी, गाई आणि कोंबड्या होत्या. म्हैसूरच्या एका कंपनीने आपल्या वेष्टनावर तशीच मुलगी, गाय आणि कोंबड्या काढल्या. भांडण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७२ साली न्यायालयाने पार्लेच्या बाजूने निकाल दिला. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की दोन कागद शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका. एक आज पाहिला आणि दुसरा काही दिवसांनी समोर आला, तर गिऱ्हाईक फसेल का, ते बघा.

झालं, मला उत्तर सापडलं! सोमवारी मी वर्गासमोर त्या मुलाला म्हटलं, “मी तुझं ऐकून न घेता तुला उठवलं, ते चुकलं. मलमलची गाळणी तुझी, आणि ती छान आहे. पण निळा कागद, चांदण्या आणि नाव तिचं. ते का घेतलंस?”

तो म्हणाला, “तिचं सगळ्यांना आवडलं होतं, बाई. म्हणून.”

पाहिलंत? मोठ्या कंपन्याही अगदी याच कारणासाठी करतात!

मग मी मुलीला विचारलं, “तुला हे कुठून सुचलं गं?” ती जरा थांबली आणि हळूच म्हणाली, “दादाच्या पुस्तकात होतं.” सगळा वर्ग हसला, तीही हसली.

आता दोन्ही बाटल्या वर्गाच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत. त्याने चांदण्या काढल्या आणि नाव ठेवलं ‘गाळूराम’. त्याच्या चिठ्ठीवर आहे, ‘मूळ बाटली तिची, गाळणी माझी.’ तिच्या चिठ्ठीवर आहे, ‘कृती पुस्तकातली, सजावट माझी.’ आणि खाली नवीन ओळ, ‘गाळणी त्याच्याकडून, विचारून घेतली.’

पण प्रदर्शनाचा दिवस काही मला परत आणता आला नाही. त्याचे आजोबा त्या दिवशी मुद्दाम बघायला आले होते. टेबलावर नातवाचं काहीच नव्हतं. ते मला अजून टोचतं.

या आठवड्याचा उद्योग : मेनरोडला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात गेलात, की एकमेकांसारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शोधा. साबण, बिस्किटं, काडेपेटी, काहीही चालेल. नाव, रंग, चित्र यांत सारखं काय आणि वेगळं काय ते वहीत लिहा. मग आजीला चष्म्याशिवाय दाखवा. आजी फसली का?

आई-बाबांसाठी : मुलांचा प्रकल्प करताना मदत जरूर करा. फक्त शेवटी एक ओळ त्यांच्याच हाताने लिहून घ्या, ‘हे मी कुठून घेतलं आणि त्यात माझं काय.’

तुमच्या बाई