रस्ता वेशीपर्यंत, शेत त्याच्या पुढे

रस्ते, वीज, गोदामं यांनी लहान शेतकऱ्याचं पीक वाढत नाही, हे मत हल्ली फार ठामपणे मांडलं जातं. युक्तिवाद थोडक्यात असा: गावोगाव डांबर पोचलं, तरी ज्वारी-तुरीचा एकरी उतारा जागचा हलला नाही, उलट त्याच रस्त्याने माणसं शेती सोडून गेली. तेव्हा सरकारने खडी-मुरुमावर पैसा घालवू नये, बियाणं आणि सल्ला द्यावा, आणि दोन एकरवाल्याने शेतीचा नाद सोडावा. पुरावा म्हणून 2020 मध्ये प्रसिद्ध झालेला, प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेवरचा एक अभ्यास पुढे केला जातो.

अभ्यास खोटा नाही. नव्या रस्त्यानंतर शेती-उत्पादनात फारसा फरक पडला नाही, मजूर मात्र शेतीबाहेरच्या कामांकडे वळले, असंच त्यात आढळलं आहे. पण हा रस्ता कुठला? डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेली ती योजना वस्त्या जोडणारी होती: सपाटीवर 500 लोकवस्तीची, डोंगराळ भागात 250 ची. तिचा रस्ता वेशीपाशी संपतो. शेत तिथून पुढे, आणि मध्ये असते पाणंद, म्हणजे शेतांमधून जाणारी कच्ची वाट. वेशीपर्यंतच्या डांबराने शिवारातलं पीक वाढलं नाही म्हणून रस्तेच निरुपयोगी, हा निष्कर्ष त्या अभ्यासातून निघतच नाही.

हे मत मांडणारे विद्वान मराठवाड्यातल्या काळ्या रानात आषाढात एकदा पाणंदीने चालून आले असते, तर हा लेख लिहावा लागला नसता. पाणंद दोन्ही बाजूंच्या शेतांपेक्षा खोल असते. वर्षानुवर्षं गाड्यांच्या चाकोऱ्यांनी ती खचते, शेजारचे बांध कोरून ती अरुंद करतात, आणि दोन्हीकडचं पाणी तिच्यातच उतरतं. चार दिवस उघडीप मिळाली की शेताला वाफसा येतो. पाणंदीत मात्र गुडघाभर चिखल तसाच. ट्रॅक्टर रस्त्यावर उभा, पेरणी यंत्र त्याला जोडलेलं, आणि रान पेरायला तयार! मग पुन्हा पाऊस लागतो आणि वाफसा जातो. मूग-उडदाची पेरणी जुलैच्या पहिल्या आठवड्यापुढे ढकलली की उतारा घटतो, हे तर सल्ला देणारेच सांगतात. बियाणं सुधारित होतं, सल्ला बरोबर होता; वेळ चिखलात गेली.

पेरणीवरच हे थांबत नाही. युरियाची 45 किलोची गोणी पाणंदीतून खांद्यावर न्यायची, म्हणून वरखताचा हप्ता लांबतो किंवा टळतोच. भाद्रपदात मूग तोडणीला येतो, तेव्हा पाऊस असतो; तोडलेल्या शेंगा बायका डोक्यावरून आणतात. एका दिवसात जितकं डोक्यावरून येईल तितकंच घरात. मागे राहिलेल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात. मळणी यंत्र आत येऊ शकत नाही, म्हणून सोयाबीनची गंजी शेतातच भिजते आणि दाणा काळा पडतो. याला उत्पादकता म्हणत नसतील, तर त्या शब्दात नेमकं काय मोजतात?

तुकडा लहान म्हणून शेती तोट्याची, हा त्यांचा दुसरा मुद्दा. हा वाद तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या 1947 च्या कायद्याइतका तरी जुना आहे. कायदा आला, वाटण्या थांबल्या नाहीत, गटांचे घोळ तेवढे पिढ्यान्‌पिढ्या तहसिलात राहिले. वाटणीत आतला तुकडा ज्याच्या वाट्याला येतो, त्याची वाट भावाच्या बांधावरून. भाऊ अडवतो. बांधावरून वाट मिळवायला 1966 च्या महसूल संहितेचं कलम 143 आहे, अडथळा काढायला 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम आहे. पण तारखा पडत राहतात आणि खरीप निघून जातो. या माणसाला तुझं शेतच लहान आहे असं सुनावणं हा निव्वळ कोडगेपणा आहे.

विजेबद्दल एवढंच: रात्रीच्या पाळीत हरभऱ्याला पाणी देणारा शेतकरी अंधारात, सापकिरडाच्या भीतीत दारं मोडतो. तो कंटाळून ऑटो स्विच लावतो. वीज येताच सगळ्या मोटारी एकदम सुरू होतात, डीपी जळते, आणि पीक आठवडाभर कोरडं राहतं.

मग करायचं काय? गावनकाशावर दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेला गाडीमार्ग साडेसोळा ते 21 फुटांचा असतो. तो मोजून, अतिक्रमण काढून मोकळा करावा. शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत घ्यायचं शासनाने 2025 मध्ये ठरवलं आहे, ती प्रत्येक गावात खरोखर घ्यावी. शेतीला वीज दिवसा द्यावी. गोदाम तालुक्याला नको, चार गावांत मिळून एक हवं, म्हणजे शेतमाल तारण ठेवून पुढच्या पेरणीचा पैसा हाती येईल. आणि पाणंदीवर मुरूम टाकण्याआधी दोन्ही बाजूंना चर काढावेत, ओढ्याच्या जागी नळकांडी पूल घालावा. त्याशिवाय टाकलेला मुरूम पहिल्याच पावसाळ्यात चिखलात बसतो. हे काम एप्रिल-मेमध्येच होतं, तेव्हा कार्यारंभ आदेश मार्चच्या आत निघाले पाहिजेत.