दामाजीपंतांचें कोठार आणि उजनीचें पाणी

सोलापूर जिल्ह्यांत सुशिक्षितांच्या बैठकींत दुष्काळाचा विषय निघाला कीं एक वाक्य हमखास कानीं पडतें : ‘निसर्गापुढें कोणाचें काय चालणार?’ बोलणाऱ्यास आपण कांहीं मोठें तत्त्वज्ञान सांगितलें असें वाटतें, आणि ऐकणारेही माना डोलवितात. आमच्या मतें हें तत्त्वज्ञान नव्हे. जबाबदारी टाळण्याची ती एक सभ्य पळवाट आहे. जें संकट कोणत्या सालीं येईल एवढेंच काय तें ठाऊक नाहीं, पण येणार हें पक्कें ठाऊक आहे, त्यास अकस्मात् म्हणण्याचा अधिकार कोणास उरत नाहीं. सोलापूरचा दुष्काळ हा असाच ओळखीचा पाहुणा आहे. तो येतो हा दोष आकाशाचा असेल. तो आल्यावर घरांत जी तारांबळ उडते तिचा जाब मात्र घरधन्यासच द्यावा लागेल.

सह्याद्रीनें अडविलेल्या पावसाच्या छायेंत हा जिल्हा वसलेला आहे. वर्षाची सरासरी सुमारें ५५० मिलिमीटर, आणि तीही बेभरंवशाची. १८७६-७७, १८९६-९७, १८९९-१९००, १९७२, २०१२-१३, २०१५-१६, २०२३-२४ हीं नुसतीं ठळक सालें झालीं. शहरालगतचा एकरूख तलाव १८७१ सालीं पुरा झाला. आष्टीचा तलाव तर दुष्काळी कामांतूनच उभा राहिला. कोरडवाहू शेतीचें शास्त्रीय संशोधन सोलापुरास १९३३ पासून सुरू आहे. तेव्हां आम्हांस अनुभव नव्हता असें नाहीं, आणि ज्ञान नव्हतें असेंही नाहीं. मग उणीव कशाची?

मंगळवेढ्याची एक कथा या प्रश्नाचें उत्तर देते. पंधराव्या शतकांत बेदरच्या बहामनी राज्याचे अंमलदार दामाजीपंत यांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें भुकेल्यांस खुलीं केलीं, आणि पांडुरंगानें स्वतः सेवकाचें रूप घेऊन त्या धान्याचें मोल बादशहाच्या दरबारीं भरलें, असें परंपरा सांगते. कीर्तनांत ही कथा ऐकतांना आमचे डोळे भरून येतात ते दामाजीपंतांच्या दयेनें आणि पांडुरंगाच्या धांवण्यानें. पण कथेंतील एका साध्या गोष्टीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. दामाजीपंतांनीं दार उघडलें तेव्हां आंत धान्य होतें! कोणी तरी तें सुगीच्या दिवसांत मोजून सांठवून ठेविलें होतें. कोठार रिकामें असतें तर कितीही दयाळू हातानें दार उघडून एकाही मुलाच्या तोंडीं घांस पडला नसता. बायबलांतील योसेफानेंही मिसर देशांत सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा बाजूस काढविला, म्हणून पुढचीं सात वर्षें देश जगला. दया दुष्काळांत दाखवावयाची असते. तरतूद सुकाळांत करावयाची असते. महाविद्यालयांत वर्षानुवर्षें निबंध तपासतांना आमच्या ध्यानांत आलें आहे कीं, दुष्काळावर लिहावयास सांगितलें म्हणजे विद्यार्थी वर्णन मोठें करुण करतात, पण कारणें लिहीत नाहींत. त्यांचा काय दोष? वडील मंडळींचें बोलणेंही तसेंच असतें.

आज प्रश्न धान्याचा राहिलेला नाहीं. १९७२ च्या दुष्काळांतून रोजगार हमीची योजना वाढीस लागली, तिचा कायदा १९७९ पासून अमलांत आला, आणि अन्नावांचून मरण्याचें भय महाराष्ट्रानें पुष्कळ अंशीं मागें टाकलें. आजचें कोठार पाण्याचें आहे, आणि सोलापुरापुरतें त्याचें नांव उजनी. भीमेवरील हें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्यांत सुमारें ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी मावतें. पैकीं निम्म्याहून अधिक हा मृत सांठा होय. उरलेल्या सुमारें ५४ टीएमसींवर शेतें, शहरें, कारखाने, वारकऱ्यांचें पंढरपूर, सर्वांचीच दृष्टि. २०२२ त हें धरण भरलें. २०२३ चा पावसाळा हुकला, आणि त्या ऑक्टोबरांत राज्यानें दुष्काळी जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत या जिल्ह्याचे ५ तालुके होते. २०२४ च्या उन्हाळ्यांत मृत सांठाही जवळजवळ निम्मा आटला. त्याच वर्षीं ऑगस्टांत धरण पुन्हां भरलें, आणि उन्हाळ्यांत झालेलीं सारीं भाषणें त्या पाण्याखालीं बुडालीं.

या कोठाराची किल्ली कोणाच्या हातीं आहे? जिल्ह्यांत तीसहून अधिक साखर कारखाने आहेत. राज्याच्या लागवडींत उंसाचा वाटा अगदीं थोडा, पण सिंचनाच्या पाण्यांत निम्म्याहून अधिक. पाण्याचा हिशेब १५ ऑक्टोबरचा सांठा पाहून मांडतात, आणि कालव्याच्या पाळ्या कालवा सल्लागार समितींत ठरतात. आडसाली ऊंस मात्र जुलै-ऑगस्टांतच लागतो, आणि सोळा-अठरा महिने शेतांत उभा राहतो. म्हणजे हिशेब होण्यापूर्वींच पाणी खर्चीं पडलेलें असतें! पुढें पाऊस हुकला कीं उभें पीक दाखवून आणखी एका पाळीची विनवणी होते. ती नाकारण्याचें धैर्य कोणत्या समितींत असणार? शेवटीं पाणी तुटतें तें ज्याची ओरड ऐकूं येत नाहीं त्याचें : कालव्याच्या शेपटाकडील शेतकऱ्याचें, आणि टँकरची वाट पाहत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचें.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर ब्रिटिश सरकारनें दुष्काळाच्या कारभाराचे नियम संहितारूपानें बांधले. तें सरकार परकें होतें आणि त्याचा हात आंखडता होता; त्याचा गौरव आम्हांस करावयाचा नाहीं. परंतु त्या संहितेंत एक गुण होता. दुष्काळ ओळखावा कसा आणि ओळखल्यावर कोणीं काय करावें, हें दुष्काळापूर्वीं लिहिलेलें होतें. म्हणूनच १८९६ सालीं टिळकांना ते नियम ‘केसरी’च्या द्वारें रयतेस समजावून सांगतां आले, आणि रयतेचें मागणें भिकेचें नसून हक्काचें आहे असें सरकारास बजावतां आलें. त्यापूर्वीं १८७६-७७ त पुण्याच्या सार्वजनिक सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून दुष्काळाची माहिती मिळवून सरकारपुढें मांडली होती. हें काम सुशिक्षित मध्यम वर्गाचें होतें. आज २००५ चा आपत्ति व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं जिल्हा प्राधिकरण आहे, जिल्ह्याची योजना करण्याचें बंधन आहे. आम्हां सुशिक्षितांपैकीं कितींनीं ती योजना उघडून पाहिली?

कोणी म्हणेल, शेतकरी काय हौसेनें ऊंस लावतो? मुळींच नाहीं. उंसास ठरलेला भाव आहे आणि बांधलेला गिऱ्हाईक आहे. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी काळ्या जमिनीच्या नुसत्या ओलीवर पिकते, पण कारखान्यासारखा खात्रीचा खरेदीदार तिला लाभत नाहीं. तेव्हां ज्वारी, करडई, हरभरा यांच्या खरेदीची खरीखुरी हमी हाही दुष्काळाच्या तयारीचाच भाग आहे. ती न देतां शेतकऱ्यास उपदेश करणें हा ढोंगीपणा होय. दुसरा म्हणेल, सप्टेंबर २०२५ त सीनेस महापूर येऊन गांवेंच्या गांवें पाण्यानें वेढलीं, तेथें तुमची तरतूद काय करणार? आम्ही म्हणतों, रोग तोच, लक्षण निराळें. पूररेषा कोठून जाते, वरच्या धरणांतून सोडलेलें पाणी आपल्या गांवीं किती तासांनीं पोंचतें, आसरा कोणत्या शाळेंत आहे, हें उन्हाळ्यांतच चावडीवर लिहिलेलें असलें पाहिजे. पाणी उंबऱ्याशीं आल्यावर होडीची वाट पाहण्यापेक्षां हें कितीतरी स्वस्त पडतें.

आमचें मागणें थोडें आणि स्पष्ट आहे. उजनीच्या पाण्याचा पायरीपायरीचा नियम लिहून काढावा : धरण भरलें तर काय, तीन चतुर्थांश भरलें तर काय, निम्मेंच भरलें तर कोणाचें पाणी प्रथम बंद. माणसांचें व जनावरांचें पिण्याचें पाणी पुढील जुलैअखेरपर्यंत राखून ठेवल्याखेरीज दुसऱ्या कशासही हात लावूं नये. आडसाली लागवडीस मान्यता देतांना पुढचा पावसाळा हुकेल असें धरूनच हिशेब करावा. आणि हा नियम धरण भरलेलें असतांना करावा, कारण घसा कोरडा पडल्यावर न्यायाची भाषा कोणास सुचत नाहीं. तो सोप्या मराठींत छापून ग्रामसभेंत वाचून दाखवावा, म्हणजे निदान त्याचा भंग झालेला सर्वांस कळेल.

आम्हां शहरवासीयांसही या हिशेबांतून सुटका नाहीं. सोलापुरासाठीं भीमेच्या पात्रांतून पाणी सोडलें जाई, तेव्हां आमच्या नळांस जेवढें येई त्याच्या कित्येक पट पाणी धरणांतून निघे. वाटेंत मुरलेलें व आटलेलें तें पाणी कोणाच्या तरी वांट्याचें होतें. आपला वांटा किती आणि त्यासाठीं खर्च किती होतो, हें विचारण्याइतकी साक्षरता तरी आपण दाखविली पाहिजे. वकिलांनीं नियम वाचावे, शिक्षकांनीं गांवचा सांठा मोजण्यास मुलांस शिकवावें, वृत्तपत्रांनीं पाण्याचा ताळेबंद पीकपाण्याच्या बातम्यांशेजारीं दर पंधरवड्यास छापावा.

पुढचा दुष्काळ येईल तेव्हां दामाजीपंतांचें नांव घेऊन वर्गण्या गोळा होतील, टँकरांस हार घातले जातील, आणि तेंही आम्ही श्रद्धेनें पाहूं. पण कथा नीट वाचावी. पांडुरंग धांवून आला तो दिलेल्या धान्याचें मोल भरण्यास; कोठार भरण्यास नव्हे. तें काम त्यानें माणसांवरच सोंपविलें होतें.