प्रत्येक संशोधनाला एकच साचा कशाला?



कृतिसंशोधन म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर आधी अनुक्रमणिका उभी राहते. प्रस्तावना, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, परिकल्पना, न्यादर्श, पूर्वचाचणी, उत्तरचाचणी, निष्कर्ष, शिफारशी. डी.एड.ला असताना आपण ही यादी पाठ केली आणि नोकरीत आल्यावर तीच भरत आलो. विषय गणिताचा असो, भाषेचा असो की गावाच्या इतिहासाचा, रकाने तेच. माझं मत असं आहे की हा साचा चांगला आहे, पण तो प्रत्येक प्रश्नासाठी नाही. आणि तो सगळीकडे लादल्यामुळे आपल्या हातची काही मोलाची कामं वाया जात आहेत.

हा साचा मुळात विज्ञानातल्या शोधनिबंधाचा. तिथेही तो पहिल्यापासून नव्हता. लंडनचं ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक १६६५ साली सुरू झालं, तेव्हा त्यात पुष्कळदा पत्रंच छापली जात. न्यूटनचा प्रकाश आणि रंगांवरचा १६७२चा निबंध हे असंच एक पत्र आहे. त्यात ‘मी लोलक घेतला, मी खोलीत अंधार केला’ अशा पद्धतीची हकिकत आहे. पुढे विसाव्या शतकात प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती आणि चर्चा असे चार भाग रूढ झाले. त्यामागे कारण होतं. दुसऱ्या कुणालाही तोच प्रयोग करून पाहता आला पाहिजे. म्हणून किती नमुने घेतले, कशाने मोजले, किती वेळ ठेवले हे सगळं स्वतंत्र भागात लिहायचं. वाचणाराही असा निबंध क्रमाने वाचतोच असं नाही. आधी सारांश, मग आलेख, मग निष्कर्ष, आणि शंका आली तर पद्धती. इथे ‘मी’ मागे सरतो. २०१५ साली हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर एक निबंध प्रसिद्ध झाला, त्याला पाच हजारांहून जास्त लेखक होते!

इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान या मानव्यविद्यांचं काम वेगळं आहे. घडून गेलेली गोष्ट पुन्हा घडवून बघता येत नाही. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७चा की १६३०चा, हा वाद आपल्याला माहीत आहे. तो कुठल्या प्रयोगाने सुटणार होता? त्यासाठी बखरी, जेधे शकावली, इतर कागदपत्रं समोर ठेवून कोणतं साधन जास्त विश्वासार्ह आणि का, याचाच युक्तिवाद करावा लागला. इथे मूळ शब्द हाच पुरावा असतो, म्हणून अवतरण जसंच्या तसं द्यायचं. विज्ञानात पद्धतीचा भाग जे काम करतो, त्यातलं बरंचसं इथे तळटीप करते: वाचणाऱ्याने त्या पानापर्यंत जाऊन स्वतः खात्री करावी. ‘माझ्या मते’ म्हणणं हा इथे दोष नाही, मात्र त्या मताची कारणं द्यावी लागतात. आणि निष्कर्ष तेवढा उचलून वाचला तर हाती फार काही लागत नाही, कारण खरं काम मधल्या वाटेवर झालेलं असतं.

हे दोन स्वभावाच्या माणसांचे दोन प्रकार आहेत असं कुणाला वाटेल. तसं नाही. गोव्यात जन्मलेले आणि पुण्यात राहिलेले दामोदर धर्मानंद कोसंबी बघा. १९४४ साली त्यांनी आनुवंशशास्त्रावर अवघ्या चार पानांचा निबंध लिहिला. पुढच्या पिढीत गुणधर्म किती वेळा वेगळे होतात, त्यावरून गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर कसं काढायचं, याचं सूत्र त्यात आहे. ते आजही कोसंबींच्या नावानेच वापरलं जातं. याच कोसंबींनी चव्हाट्यावरच्या मातृदेवतांवर एक निबंध लिहिला, जो १९६२च्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकात आहे. त्याची सुरुवात होते ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकातल्या एका प्रसंगाने. चारुदत्त आपल्या मित्राला मातृदेवतांचा बळी चव्हाट्यावर ठेवायला सांगतो. चव्हाट्यावरच का? एवढ्या प्रश्नावरून ते जुने ग्रंथ धुंडाळतात आणि मग पुण्याच्या आसपासच्या वाटा, देवतांची ठाणी, अश्मयुगीन दगडी हत्यारं इथपर्यंत येऊन पोचतात. माणूस एकच, पण प्रश्न बदलला तशी लिहिण्याची रीत बदलली.

यात आणखी एक गंमत आहे. नाणी वापरात झिजतात, हे धरून कोसंबींनी प्राचीन आहत नाण्यांची वजनं करून त्यांचा काळाचा क्रम लावला. म्हणजे इतिहासाच्या प्रश्नालाही तराजू लागू शकतो. तेव्हा विषय कोणता हे बघून रीत ठरवू नये, प्रश्न बघून ठरवावी.

आता आपल्या शाळेत येऊ. ‘चौथीच्या मुलांची हातच्याची वजाबाकी कुठे चुकते?’ या प्रश्नाला चाचणी, उपाय, पुन्हा चाचणी हा साचा अगदी योग्य. पण माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेने गावातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या ओव्यांत माहेर कसकसं येतं हे तिला पाहायचं होतं. काम परत आलं. शेरा होता: ‘परिकल्पना नाही, टक्केवारी नाही.’ मग तिने तक्ता केला, इतक्या ओव्यांत माहेराचा उल्लेख, इतक्यांत नाही. तक्ता मंजूर झाला, पण ओव्या परिशिष्टात गेल्या. ज्या बाईच्या ओवीत माहेरची वाट आहे पण माहेरचं माणूसच नाही, तिच्याबद्दल तो तक्ता काय सांगणार?

कुणी म्हणेल, साचा सोडला तर कुणीही काहीही लिहील. तसं होऊ नये. मानव्यविद्येची शिस्त कमी कडक नाही. ओवी कुणी म्हटली, कुठे, कधी, हे लिहायला हवं. बोलीतला शब्द ‘शुद्ध’ करायचा नाही. आपल्या अर्थाच्या विरोधात जाणारी ओवी लपवायची नाही. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर त्याचं नाव द्यायचं. तपासणाऱ्यांनी हे जरूर तपासावं.

पालकांनाही एक विनंती. मुलाच्या प्रकल्पाला दुकानातल्या तयार फाइलची पानं लावण्याआधी प्रश्न काय आहे ते त्याला विचारा. मटकीला मोड यायला किती तास लागतात, हा प्रश्न असेल तर वाटी, पाणी, घड्याळ आणि तक्ता पुरे. ‘आपल्या गावाला हे नाव का पडलं?’ असा असेल तर त्याला तीन वेगळ्या माणसांकडे पाठवा. तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या तर तिन्ही लिहू द्या, आणि त्याला कोणती पटते, का पटते, तेही त्याच्याच शब्दांत.