घडीचा कॅमेरा निवडताना : नाव वाचावे की वस्तू?

१/१०
जुना मीडियम फॉरमॅट घडीचा कॅमेरा घेऊ पाहणारा तरुण इतिहासप्रेमी सहसा नावापासून सुरुवात करतो. ‘युद्धपूर्व, जर्मन बनावटीचा’ हे शब्द दिसले की किंमत चढते आणि चिकित्सा थांबते. इतिहासाने शिकवलेली सवय येथेच उपयोगी पडावी. विक्रेत्याची कथा ही बखर. हातातला कॅमेरा हा अस्सल कागद. निवड कागदावरून व्हावी.

२/१०
पहिला प्रश्न फिल्मचा. कोडॅकने १९०१ साली ब्राउनी कॅमेऱ्यासाठी आणलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही तयार होते. १९३२ साली कोडॅकनेच ६२० आणली : फिल्मची रुंदी तीच, फिरकी मात्र बारीक. तिचे उत्पादन १९९५ साली थांबले. ६२० चा कॅमेरा घेणाऱ्याला अंधारात बसून १२० ची फिल्म बारीक फिरकीवर गुंडाळावी लागते. नवशिक्याने १२० वरच थांबावे.

३/१०
दुसरा प्रश्न चौकटीचा. एका रिळावर ६×९ सेंटीमीटरची ८ छायाचित्रे निघतात, ६×६ ची १२. मोठ्या मापाला त्या काळी सबळ कारण होते : हौशी लोकांची निगेटिव्ह बहुधा कागदावर थेट ठेवूनच छापली जाई, म्हणून निगेटिव्ह जेवढी, तेवढेच छायाचित्र. आज ती स्कॅन होते. ६×६ ची निगेटिव्हसुद्धा ३५ मिमी चौकटीच्या साडेतीनपट भरते. लांब भात्याच्या ६×९ कॅमेऱ्यात भिंग किंचित तिरके होण्याचा धोकाही अधिक.

४/१०
आता नावाकडे. चार कंपन्या एकत्र येऊन १९२६ साली ड्रेस्डेनमध्ये झाइस इकॉन उभी राहिली. तिचा सुपर इकोंटा १९३४ साली आला. त्यात अंतर मोजणारा रेंजफाइंडर भिंगाशी जोडलेला होता. संग्राहकांच्या यादीत हा कॅमेरा आजही वरच्या स्थानी असतो, आणि त्याची कीर्ती निराधार नाही.

५/१०
परंतु कीर्तीच्या बखरीत एक पान गाळलेले असते. कंपनीचे प्रमुख इमानुएल गोल्डबर्ग हे ज्यू होते. १९३३ साली नाझींनी त्यांचे अपहरण केले. त्यांना पद आणि देश दोन्ही सोडावे लागले. पुढे युद्धकाळात ड्रेस्डेनच्या हेलरबर्ग छावणीतील ज्यूंना याच कंपनीच्या कारखान्यात सक्तीने राबवले गेले. मार्च १९४३ मध्ये त्यांची रवानगी आउशवित्झला झाली.

६/१०
‘युद्धपूर्व जर्मन’ या शब्दांसाठी जादा पैसे मोजणारा अर्धीच गोष्ट विकत घेतो. उरलेल्या अर्ध्या गोष्टीमुळे यंत्र वाईट ठरत नाही; पण ‘तो सुवर्णकाळ’ म्हणून उसासे टाकण्याचा अधिकार मात्र इतिहासप्रेमीला राहत नाही.

७/१०
नाव किती फसवे असते, याचा दाखला मोस्कवा कॅमेऱ्यात आहे. महायुद्धानंतर सोव्हिएत संघाने इकोंटाची रचना उचलून १९४६ पासून क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात हे कॅमेरे बनवले. मोस्कवा-२ मध्ये सुपर इकोंटाचाच रेंजफाइंडर दिसतो. कुळी एक, प्रतिष्ठा दोन. यांपैकी चांगला कोणता, याचे उत्तर हातातला विशिष्ट नगच देऊ शकतो.

८/१०
तो नग असा वाचावा. अंधाऱ्या खोलीत भात्याच्या आत विजेरी लावावी. घड्यांच्या कोपऱ्यांत प्रकाशाचे ठिपके दिसले तर भाता फुटला आहे. आग्फाच्या इझोलेटमध्ये हा दोष नेहमीचा. तिचे वंगणही गोंदासारखे घट्ट होऊन समोरचे भिंग फिरेनासे होते. शटर १ सेकंदावर चालवून कान द्यावा. तेल आळले असेल तर ते रेंगाळते किंवा अडकते. भिंगातून उजेड पाहावा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या काचेवर बुरशीचे धागे सापडतात. शेवटी उघडलेल्या कॅमेऱ्याचा पुढचा भाग बोटाने हलवून पाहावा. तो डुगडुगता कामा नये.

९/१०
यावर आक्षेप येईल : रेंजफाइंडरविना अंतर अंदाजानेच ठरवायचे का? जवळची व्यक्ती मोठ्या छिद्रावर टिपायची असेल, तर रेंजफाइंडरची उणीव खरोखर भासते. पण जुना रेंजफाइंडर अनेकदा हललेला असतो, आणि चुकीचे माप आत्मविश्वासाने सांगतो. किल्ला, वाडा, घाट दिवसाउजेडी टिपताना छिद्र एफ/११ वर ठेवले तर अंदाज पुरतो. म्हणून पहिल्या खरेदीसाठी १९५० च्या दशकातील साधा ६×६ कॅमेरा, उदाहरणार्थ नेटार, अधिक शहाणपणाचा. वाचलेल्या पैशांत शटरची सफाई आणि फिल्मची काही रिळे येतील.

१०/१०
काचेच्या कपाटातला बंद पडलेला सुपर इकोंटा पाहुण्यांना दाखवता येतो. चालू नेटार मात्र हे शिकवतो, की १२ छायाचित्रांच्या हिशेबात जगणारा माणूस बटण दाबण्यापूर्वी किती वेळ पाहत असे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यातले काय हवे आहे, हे त्याने किंमत विचारण्याआधी ठरवावे.