कोर्टाची भाषा कोणाची?

आमच्या धारगळात एका वयस्क गृहस्थांच्या हाती भूसंपादनाचा कागद आला. वर ठळक अक्षरांत ‘अवॉर्ड’. शेजारच्या पोराने वाचले आणि म्हणाला, आजोबा, तुम्हाला बक्षीस लागले! घरात हशा झाला. आम्हाला मात्र हसू आले नाही. कारण तो अवॉर्ड म्हणजे नुकसानभरपाईचा निवाडा होता, आणि आजोबांनी पैसे उचलताना ‘अंडर प्रोटेस्ट’ हे दोन शब्द लिहिलेच नव्हते.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मोबदला हरकत राखून, म्हणजे ‘अंडर प्रोटेस्ट’, घेतला नाही तर वाढीव भरपाईसाठी दाद मागण्याचा हक्क जातो. निवाड्याच्या वेळी हजर असलेल्याला त्या अर्जासाठी सहा आठवड्यांची मुदत आहे. (हमरस्त्याची जमीन वेगळ्या कायद्याने जाते, तिथे वाद लवादाकडे न्यावा लागतो. आपला कागद कुठल्या कायद्याखालचा, हे आधी पाहावे.) गंमत अशी की संपादनाची प्राथमिक अधिसूचना स्थानिक भाषेत द्यावी, असे हाच कायदा सांगतो. जमीन जाणार हे मराठीत कळणार. ती कितीला गेली आणि पुढे काय करायचे, हे इंग्रजीत!

मोपचा विमानतळ २०२३ च्या जानेवारीत सुरू झाला, धारगळात आयुर्वेद संस्था उभी राहिली, जमिनीचे भाव चढले. भाव चढला की खटले वाढतात. बेलीफ दारात येतो, समन्सवर सही घेतो आणि जातो. त्या दिवसापासून लेखी कैफियतीसाठी तीस दिवस मिळतात. कोर्टाने कारण मानले तर नव्वदपर्यंत. कोणी फिरकले नाही तर ‘एक्स पार्टे’, म्हणजे एकतर्फी हुकूमनामा. तो रद्द करून घ्यायलाही मुदत तीसच दिवसांची. ‘स्टेटस को’ म्हणजे जैसे थे, ‘इंजंक्शन’ म्हणजे मनाई हुकूम. हे शब्द आपल्याकडे होतेच की! वादी, प्रतिवादी, फिर्याद, तहकुबी, मुखत्यारपत्र यांतला कोणता शब्द आपल्या आजोबांना कळत नव्हता?

सर्वांत घातक कागद ‘कन्सेंट टर्म्स’चा. भावाभावांत तडजोड झाली, वकिलाने कागद पुढे केला, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही, हे सही करताना किती जणांना ठाऊक असते? साक्षीचेही तसेच. २००२ पासून दिवाणी दाव्यात मुख्य साक्ष प्रतिज्ञापत्रावर देतात. माणूस घरी मालवणी-मराठी बोलतो, ‘त्याची’ साक्ष टंकलेखकाच्या इंग्रजीत तयार होते, आणि उलटतपासणीत त्याला विचारतात, हे तुम्हीच सांगितले ना? तो गोंधळतो आणि खोटा ठरतो.

१९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीचाही वापर करण्याची तरतूद राहिली. तालुका कोर्टाची भाषा ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. महाराष्ट्राने १९९८ साली कनिष्ठ न्यायालयांसाठी मराठी ठरवली. गोव्यात तालुक्याच्या कोर्टाचे कामकाज आजही इंग्रजीतच चालते. मराठीसाठी मंचावर घसा कोरडा करणाऱ्या आमच्याच पुढाऱ्यांना आम्ही विचारतो : पेडण्यात मराठी समन्स मिळावे, म्हणून तुम्ही एक तरी अर्ज केलात काय? उच्च न्यायालयाची भाषा राज्यघटनेने इंग्रजी ठेवली आहे, ते आम्हाला मान्य. पण बेलीफाच्या हातातल्या चिठोऱ्याला राज्यघटना आडवी येत नाही. कोकणीतही द्या, आमची हरकत नाही. आमचे भांडण कोकणीशी नाही, न कळणाऱ्या कागदाशी आहे.

आणि दोष आमचाही आहे. आमच्या जुन्या घरांतल्या पेट्यांत मोडी कागद आहेत, १७८८ साली पेडणे पोर्तुगीजांकडे गेले त्याआधीच्या सावंतवाडीकरांच्या अमलाच्या गोष्टी आम्ही चवीने सांगतो. पण कूळ आणि मुंडकार यांतला फरक विचारा, निम्मे गप्प! कूळ जमीन कसणारा, मुंडकार भाटकाराच्या जागेत घर करून राहणारा. दोघांचे कायदे वेगळे : एक १९६४ चा, दुसरा १९७५ चा. सही मागितली की आम्ही विचारतो, कुठे करायची? काय लिहिले आहे, हे विचारायला आम्हाला कमीपणा वाटतो. पोर्तुगीज अमदानीत परक्या भाषेतल्या दस्तावर अशीच सही होत असे. तेव्हा निदान विचारायची सोय नव्हती.

बायकांना विशेष सांगणे. गोव्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे नवऱ्याच्या मालमत्तेत तुमचा अर्धा वाटा असतो, म्हणून विक्रीवर तुमची सही मागतात. ती उपचार म्हणून मागत नाहीत. शिवाय १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

आम्ही दोन गोष्टी ठरवल्या आहेत. तालुका कोर्टाच्या समन्ससोबत मराठी आणि कोकणी प्रत जोडावी, असे निवेदन सरकारला जाईल. सह्यांचे कागद वाड्यावाड्यांवर फिरतील. दुसरे, ज्यांच्या घरी कोर्टाचा किंवा मामलेदाराचा कागद आला आहे, त्यांनी तो सही करण्याआधी आमच्याकडे आणावा. लिफाफाही आणावा, आणि कागद कुठल्या दिवशी हाती पडला ते त्यावर लिहून आणावे. मुदत तिथूनच मोजतात.